पडण्याचं कारण : चक्कर

मे महिन्यात चंद्रपूरला निघाले आहे असं सांगितलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, वाघ दिसला तर फोटो पाठव. दोन, वेड लागलंय का? कशासाठी जातेस, हे कोणी विचारत नाही. ते बरंच आहे, कारण 'दवाखान्यात खाटेवरून पडलेल्या बायका मोजायला' हे उत्तर चारचौघांत चांगलं दिसत नाही.

पण काम तेच होतं. मी संख्याशास्त्र शिकले आणि पुढे नोकरीही त्याचीच मिळाली. आमची संस्था लहान गावांतल्या रुग्णालयांकडून तिथे घडलेल्या चुकांची आणि अपघातांची माहिती गोळा करते. गोळी भलत्यालाच दिली गेली, सुई कोणाच्या हाताला टोचली, पेशंट पडला, असं काही झालं की तिथल्या सिस्टरनी ते लिहून पाठवायचं. मग मी ते कॉम्प्युटरमध्ये घालून बघते की काय केव्हा आणि कुठे जास्त घडतं. कोणाला शिक्षा करायची नाही, यातून शिकायचं आहे, असं आमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं आहे. ते वाचून लोक घाबरतात.

गडचिरोली जिल्ह्यातलं एक छोटं रुग्णालय या आकड्यांत फार उठून दिसत होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या तक्त्यांत त्याची पुरेशी बदनामी झालेली आहे. तिथल्या बायकांच्या वॉर्डात बाया पडत. उन्हाळ्यात जास्त पडत, दुपारच्या जेवणानंतर जास्त पडत, आणि सोबत नातेवाईक असताना तर हमखास पडत. हे शेवटचं मी शोधून काढलं होतं. एकटी बाई सहसा पडत नाही. जिच्यासोबत माणूस आहे ती पडते. बैठकीत या शोधाचं कौतुक झालं आणि चहा यायच्या आत उपायही ठरला : दुपारी नातेवाईकांना वॉर्डाबाहेर बसवायचं. सोमवारपासून ते सुरू व्हायचं होतं. सगळं सुरळीत होतंय ना ते पाहायला मी शुक्रवारी चंद्रपूरला उतरले.

चंद्रपूर, मग सावली

जीप घेऊन नामदेवभाऊ आले होते. पुढचे सगळे दिवस तेच माझ्याबरोबर होते. त्यांनी आधी माझ्या टोपीकडे पाहिलं.

"हे टोपी पुण्यात चालते मॅडम. इथी डोक्शाले दुपट्टा बांधा लागते. कान झाका लागते." मग त्यांनी खिशातून एक कांदा काढून माझ्या हातात ठेवला. "हा जवळ ठेवा. लू लागत नाई."

मी विज्ञान शिकलेली असल्यामुळे हसले आणि कांदा पर्समध्ये टाकला.

तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर लाल रस्सा ओतणं ही कल्पना पुण्यात कोणी मांडली तर त्याला समज देतील, पण मी दुसरी प्लेट घेतली आणि डोळ्यांतून पाणी काढत संपवली. इथे कुठेही टेकलात की पहिल्यांदा पाणी येतं. मग 'कसं काय', मग चहा, आणि काम काय आहे ते सगळ्यात शेवटी, तेही तुम्ही सांगितलंत तर. आमच्याकडे दार अर्धं उघडून 'काय काम आहे?' विचारतात, आणि पाण्याचं काम निघालं तर महापालिकेकडे पाठवतात.

मूल गावावरून सावलीकडे जाताना सागाची झाडं पार उघडी पडलेली होती. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत तेंदूच्या पानांचे पुडे ओळीनं वाळत घातले होते. वाघ दिसला नाही. नामदेवभाऊ म्हणाले, "त्याले बी ऊन लागते."

सावलीला त्यांच्या बहिणीकडे जेवण होतं. घर तलावात मासे धरणाऱ्यांचं. मासोळीचा रस्सा, भात, आंबाडीची चटणी. मी इतकी जेवले की उठताना जमिनीला हात टेकवावा लागला. हात धुवायला विहीर मागच्या अंगाला होती आणि मागचं दार समोरच दिसत होतं. तरी बहिणीनं मला पुढच्या दारानं बाहेर काढलं, कुंपणाला वळसा घालून, शेळ्यांच्या मधून, भर उन्हात विहिरीवर नेलं. मला वाटलं, घर दाखवतेय. मी शेळ्यांचं कौतुक केलं. परत आल्यावर पाहिलं, तर मागच्या दारात तिचे सासरे वाऱ्याला आडवे झोपले होते. यावर मी काहीही विचार केला नाही.

रुग्णालय

वैनगंगेचा पूल ओलांडून संध्याकाळच्या आत आम्ही पोचलो. वॉर्डाच्या प्रमुख कुंदा सिस्टर दारातच होत्या. उंच, शिडशिडीत बाई, आणि हसायच्या आधी विचार करणारी.

"तुमीच का आमचा खांब उंच करणाऱ्या?" त्यांनी विचारलं.

माझ्या तक्त्यात प्रत्येक रुग्णालयाचा एक खांब होता. त्यांचा पानाच्या वर जायला आला होता. जिल्ह्याच्या बैठकीत तो पडद्यावर दाखवला, तेव्हा कोणीतरी विचारलं होतं की तुमच्या खाटांना पाय तीनच आहेत का. "लोक हासले," सिस्टर म्हणाल्या. "मी बी हासली. पन मी लिहिनं बंद नाई केलं. पडली तं पडली लिहितो. काऊन पडली तेबी लिहितो. सप्पा पाठवतो तुमाले."

वॉर्ड लांबट होता. एका टोकाला मोठा कूलर, आणि त्याच्या वाऱ्यासाठी सगळ्या खाटा त्या टोकाकडे सरकवून जवळजवळ लावलेल्या. दोन खाटांच्या मधे एक चटई मावेल एवढी फट, आणि प्रत्येक फटीत एक चटई. चटईवर सोबतीचं माणूस : सासू, आई, नणंद. फरशी कोरडी, उजेड भरपूर. पडण्यासारखं काही दिसत नव्हतं. मी फरशी बोटानं घासूनही पाहिली, आणि चटईवरच्या बायांनी ते कुतूहलानं पाहिलं.

खिडकीजवळच्या खाटेवर चैती होती. वय विशीच्या आसपास, दिवस भरत आलेले. तिची आधीची दोन बाळंतपणं जंगलातल्या गावी घरीच झाली होती आणि दोन्ही मुलं गेली होती. या खेपेला रक्तदाब चढलेला होता, म्हणून डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत हलायचं नाही असं सांगून ठेवून घेतलं होतं. मागच्या आठवड्यात तीही पडली होती. नशिबानं पोटाला काही झालं नव्हतं. शेजारच्या फटीत तिची सासू मैनाबाई. तेंदूचा हंगाम सोडून ती सुनेजवळ येऊन बसली होती. वर्षाची कमाई ज्या दिवसांत होते ते दिवस ती फटीत काढत होती.

सिस्टरनी तिला सोमवारपासूनचा नियम समजावला. जेवण झालं की सोबतीच्या बायांनी बाहेर पत्र्याच्या शेडखाली बसायचं.

"भायेर?" मैनाबाई म्हणाली. "हिले तुमची बोली येत नाई बाई. तुमी सांगता ते मी सांगतो हिले. हिले कुठी दुखते ते मी सांगतो तुमाले. मी भायेर तं हे कोनाशी बोलन?"

"दोन-तीन घंट्याचीच गोठ हाय."

"मांगच्या दोन्ही खेपा मी जंगलात होतो, पानं तोडाले," मैनाबाई म्हणाली. "मी जवळ नव्हतो." मग ती शांतपणे म्हणाली, "मले भायेर ठेवान तं मी हिले घरी घेऊन जातो. सोमवारी जातो."

चैती एकदा सासूकडे, एकदा आमच्याकडे बघत होती. तिचा हात पोटावर होता.

सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बुढी बोलली तं करते. घरी गेली तं ह्या पोरीचं काई खरं नाई मॅडम. तुमी पुण्याले फोन लावा ना."

मी म्हणाले, आकडे स्पष्ट आहेत. हे वाक्य मी त्या दिवशी दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा मला ते पटलं.

चामोर्शी आणि मुलचेऱ्याकडे

शनिवारी, आधी पडून गेलेल्या बायांना त्यांच्या घरी भेटायचं ठरवलं होतं. चामोर्शीला बाजार भरला होता. नामदेवभाऊंनी सुकी मासळी घेतली आणि जीपमध्ये माझ्या सीटखाली ठेवली, म्हणजे पुढचा सगळा प्रवास आम्ही तिघांनी केला. पहिल्या घरी पडलेल्या बाईनं सांगितलं, "चक्कर आली जी." सासूनं पाणी दिलं, मग चहा. दुसऱ्या घरी, "गरगर झालं." तिथेही सासूनं चहा दिला. मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत. फार पूर्वी सरकारनं वसवलेली, दारात केळी, मागे भाताचं खाचर, दुकानात रसगुल्ले. तिथली बाई म्हणाली, "माथा घुरे गेलो." शेजारी तिची सासू बसली होती आणि तिनं रसगुल्ल्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली.

तीन गावांत वेगवेगळ्या शब्दांत एकच कारण! इतका एकमुखी पुरावा मला आयुष्यात मिळाला नव्हता. रक्तदाब, रक्त कमी, जेवणानंतरची सुस्ती, असं सगळं मी मनात जुळवत आले. नातेवाईकांमुळे चक्कर का यावी हे कोडं उरलं होतं, पण स्वतःच्या घरातली काही माणसं आठवल्यावर तेही सुटल्यासारखं वाटलं.

परतताना टोपी रसगुल्ल्याच्या दुकानात राहिली, हे बऱ्याच वेळानं लक्षात आलं. दुपट्टा मी घेतलाच नव्हता. जीपची काच तापून हात लावू देत नव्हती. रुग्णालयाच्या फाटकाशी उतरले, दोन पावलं टाकली आणि नामदेवभाऊंना म्हणाले की मला थंडी वाजतेय. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "कांदा कुठी हाय?"

कांदा पर्समध्ये होता, आणि पर्स मुक्कामाच्या हॉटेलवर.

खाटेवर

ऊन लागलेल्या बाईला ठेवायला जागा एकच होती, चैतीशेजारची खाट. म्हणजे मैनाबाईची चटई आता चैतीच्या आणि माझ्या मधे आली. मला सलाईन लावलं. मैनाबाईनं न विचारता ओला फडका माझ्या कपाळावर ठेवला आणि रात्रभर बदलत राहिली. सोमवारी ज्या बाईमुळे तिला बाहेर काढणार तीच ही, हे तिला पूर्ण माहीत होतं.

रविवारी सकाळी ताप उतरला. नामदेवभाऊ भेटायला आले आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, उद्या तुमाले चंद्रपूरले सोडाचं हाय. आजीले आन तिच्या सुनेले रस्त्यानं फाट्यावर सोडू का? आजी इचारून राह्यली होती." चटईच्या टोकाशी मैनाबाईचं गाठोडं बांधलेलं दिसत होतं. नियमही माझा आणि गाडीही माझी. मी म्हणाले, बघू.

दुपारी जेवणं झाली. कूलर घरघरत होता. सगळा वॉर्ड झोपला. खाटांवरच्या आणि फटींतल्याही. मला बाथरूमला जायचं होतं. सलाईन काढलेलं होतं, डोकं जागेवर होतं, फरशी कोरडी होती, चप्पल खाली होती. माझ्या डाव्या हाताला भिंत आणि भिंतीला टेकवलेलं सलाईनचं स्टँड. उजव्या हाताला मैनाबाई, कपाळावर हात आडवा टाकून गाढ झोपलेली. फट तिच्याच मापाची होती.

मी उजवा पाय तिच्या अंगावरून पलीकडे नेला, आणि परत आणला.

मला हे कोणी बसवून शिकवलेलं नाही. लहानपणी झोपलेल्या भावाला ओलांडलं की 'उलटं ओलांड, त्याची उंची खुंटेल' असं ओरडा पडायचा, एवढंच. मैनाबाईची उंची आता वाढायची राहिली नव्हती. तरी माझा पाय काही पलीकडे जाईना. म्हातारं माणूस, रात्रभर माझ्या कपाळावर फडका ठेवणारं, आणि त्याच्या अंगावरून मी टांग टाकायची? तिला उठवायचंही जिवावर आलं. म्हणून एम. एस्सी. झालेली ही बाई गुडघ्यांवर रांगत खाटेच्या पायथ्याशी गेली, लोखंडी दांड्यावरून एक पाय पलीकडे टाकला, दुसरा टाकताना कुर्ता दांड्यात अडकला, आणि ती हनुवटीवर खाली आली.

आवाज मोठा झाला असावा. सगळा वॉर्ड उठून बसला. सगळ्यांत आधी मैनाबाई धावली; तिनं मला काखेत हात घालून उचललं आणि पदरानं हनुवटीचं रक्त पुसलं. कुंदा सिस्टर आल्या. खाटेवर बसवून त्यांनी विचारलं, "कशानं पडल्या मॅडम?"

मैनाबाईचा हात माझ्या हातात होता. ती काळजीनं माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हणाले, "चक्कर आली."

सिस्टरनी लिहून घेतलं आणि रक्तदाबाचं यंत्र आणायला गेल्या.

मी आडवी पडले आणि छताकडे बघत राहिले. ज्या माणसाला दवाखान्यातल्या अपघाताची खरी माहिती मिळावी म्हणून पगार मिळतो, त्यानं स्वतःच्या अपघाताची खोटी माहिती दिली होती. त्यासाठी मला कोणी धमकावलं नव्हतं, आणि क्षणभर विचारही करावा लागला नव्हता. मैनाबाईसमोर 'तुमच्यामुळे पडले' असं माझ्या तोंडून निघणंच शक्य नव्हतं. आणि मी तर तिची सूनही नव्हते. मला चामोर्शीचा चहा आठवला, रसगुल्ल्यांची वाटी पुढे करणारी सासू आठवली, दारात आडवे झोपलेले सासरे आणि शेळ्या आठवल्या.

मान वळवली तर चैती माझ्याकडेच बघत होती. मैनाबाई पाणी आणायला गेली होती. मी चटईकडे बोट दाखवलं, तळहातावर दोन बोटांनी ओलांडून जाणारा माणूस केला, आणि नाही-नाही अशी मान हलवली. मग तिच्याकडे बोट केलं : तूसुद्धा?

तिनं चादर तोंडावर ओढून घेतली. चादरीखाली ती हसत होती. मग चादरीतूनच तिची मान हलली, हो.

सिस्टर यंत्र घेऊन आल्यावर मी हळूच म्हणाले, "चक्कर खोडा."

"काऊन?"

मी सांगितलं. त्यांनी यंत्र खाटेवर ठेवलं आणि त्याच्या शेजारी स्वतः बसल्या. "बाप्पा," त्या म्हणाल्या. "म्हंजे माह्या सप्पा चकरा लबाड?" मग म्हणाल्या, "डाक्टरसायबानं किती जनींले चकरेच्या गोळ्या देल्ल्या."

मैनाबाई तांब्या घेऊन परतली. तिला सांगावं की नाही यावर आम्ही दोघी शिकलेल्या बाया कुजबुजत होतो, तोवर तिनंच विचारलं, काय झालं? सिस्टरनी सांगितलं. वॉर्डातल्या सगळ्या सासवा ऐकत होत्या, आणि सगळ्या सुना भिंतीकडे बघत होत्या.

मैनाबाई सुनेकडे वळून गोंडीत बोलू लागली, आणि शेजारच्या चटईवरची सासू आम्हाला मराठीत सांगत गेली. "त्या दिशी तुले चक्कर नव्हती आली?"

चैतीनं नाही अशी मान हलवली.

"माह्यासाठी पडली तू? पोटात लेकरू घेऊन?" तिचा आवाज चढला. "मले उठवाचं होतं! लाथ माराची होती मले!"

चैती गोंडीत काहीतरी बोलली, अगदी थोडं. मैनाबाई ते ऐकून खाली बसली आणि पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या चटईवरच्या सासूनं आम्हाला सांगितलं, "म्हनते, तू पयल्यांदाच जवळ झोपली होती, तुले कशी उठवू?"

मलाही तेव्हा फडक्याची गरज होती, कपाळासाठी नव्हे.

मग मैनाबाईनं डोळे पुसले, चटई उचलली आणि ती चैतीच्या खाटेखाली अंथरली. स्वतः आत सरकली आणि खालून म्हणाली, "आता? आता मले कोन ओलांडते?" गाठोडंही पायानं आत ओढून घेतलं. हळूहळू बाकीच्या चटयाही खाटांखाली गेल्या. एका जाड्या आजींना शिरता येईना. त्यांच्यासाठी नामदेवभाऊंना बोलावून एक खाट बाजूला सरकवली.

मी पुण्याला साहेबांना फोन लावला आणि म्हणाले, नियम मागे घ्या, नातेवाईक आतच राहू देत. साहेब म्हणाले, "आणि तुझे आकडे?" मी म्हणाले, आकडे बरोबर आहेत. नातेवाईक असले की पेशंट पडतो, कारण तो त्यांना जपतो. त्यांनी मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग त्यांनी विचारलं की अहवालात हे कोणत्या शीर्षकाखाली घालणार.

पुणे

हनुवटीला आता एक बारीक खूण राहिली आहे. कांदा पर्समधून आला. त्याला कोंब फुटला होता म्हणून कुंडीत लावला.

जून उलटला आणि कुंदा सिस्टरांची माहिती आली. त्यांचा खांब पानाच्या तळाशी जाऊन बसला होता. पडलेली बाई एकही नव्हती. इजा मात्र एक झाली होती, ती त्यांनी नेहमीप्रमाणे नीट लिहून पाठवली होती. इजा कोणाला : सोबतीच्या बाईला, मैनाबाई. काय झालं : खाटेखालून घाईनं उठताना डोक्याला लोखंडी पट्टी लागली, टाका नाही. आणि पुढे, जिथे इतके महिने 'चक्कर' यायचं तिथे, कारण : बाळ रडलं.

कॉम्प्युटरमधल्या कारणांच्या यादीत हे कारण नव्हतं. मी घातलं.